जावळाची घोंगडी

बाईसाबनं मपल्या लेकराच्या खांद्यावरली घोंगडी वढली. विचारलं न्हाई. हात लांब केला, वढली, झटकली आन् छकड्यात बसलेल्या आपल्या पोराच्या बुडाखाली घातली. मग आत जाऊन एक रिकामं पोतं आणलं आन् नरसूच्या अंगावर टाकलं. म्हणली, "तू ह्याच्यावर झोप. तुला काय, जल्मल्यापसून रानातच झोपतूस."

छकड्याभोवती गावची धा-पाच माणसं व्हती. मास्तर व्हता. एक-दोघं हासले. नरसू पोतं छातीशी धरून हुबा. धा वर्साचं लेकरू. मान खाली. माझ्याकडं बघंना.

निजामाचं राज्य व्हतं तव्हा. रझाकारांची धामधूम त्याच्या मागून दोन-तीन सालानं झाली. आमी धनगर. पोखर्णीपसून कोस-दोन कोसावर गाव. उन्हाळा लागला की मपला नवरा देशमुखाच्या रानात मेंढरं बसवायचा. लेंड्यामुताचं खत त्यांच्या जमिनीला, आन् त्याच्या बदल्यात जोंधळा आमच्या चुलीला. मी देशमुखाच्या घरी दळण-कांडण करायचे. बाईसाब म्हंजी देशमुखाची बायकू. तिचा एकुलता एक बापूसाब, आन् माझा नरसू. एकाच वयाचे, एकाच मदरशात, म्हंजी गावच्या साळंत. नरसू पोखर्णीच्या नरसिंहाच्या नवसाचा. तीन लेकरं मातीत घालून हा एक उरलेला. घरात कुणाचं मन नव्हतं, पर म्या हट्टानं त्याला मदरशात घातलं.

त्या साली चैतात मास्तरनं पोरांला सांगितलं, पाथरीकडं गंगंच्या, म्हंजी गोदावरीच्या, काठी आमराईत उन्हाळ्याचा क्यांप भरणार. गावोगावची पोरं येणार. कवायत, पवणं, गाणी, खेळ. राती झाडाखालीच झोपायचं.

झालं, देशमुखाच्या घरात दुसरी गोष्टच ऱ्हाईली न्हाई. बाईसाबला ठरंना. हैद्राबादेला मामाकडं पाठवावं का? तिकडच्या क्यांपात बड्या हुद्देदारांची पोरं येत्यात म्हणं. पर लय लांब. पाथरीला धाडावं तर ऊन. सकाळी एक इचार, दुपारी दुसरा. मी जात्यावर बसून सगळं ऐकायचे. आन् जळायचे.

सरळच सांगते. बापूसाबवर नव्हते जळत, लेकरू गरीब व्हतं. मी जळायचे ती बाईसाबवर. तिला हे न्हाई तर ते व्हतं. माझ्या लेकराला कुठं धाडावं, असा घोर मला कव्हा लागलाच न्हाई. कुठं धाडायचं व्हतं? मेंढरामागं. तिनं शिंपी घरी बसवून खाकी चड्ड्या शिवल्या. नवी पेटी आणली. लाडू वळायला मीच. घरी गेले की नरसू मपला पदर नाकाला लावायचा आन् इचारायचा, आज बेसनाचे का रव्याचे. तव्हा माझ्या काळजात कोळसा पेटायचा.

शेवटाला पाथरी ठरली. आन् एक दिवस नरसू धावत आला. म्हणला, "माय, मी बी जाणार हाय क्यांपला. मास्तर म्हणले."

माझ्या हातातला जात्याचा खुट्टा सुटला. मी येडीच झाले. नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या दोन चड्ड्या शिवल्या, बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून रंगवल्या. अगदी खाकी न्हाई, पर तशाच. गावच्या न्हाव्याकडून नरसूचं डोकं नीट करून घेतलं. आन् घोंगडी. कोकराची पयली कातरण म्हंजी जावळ. मेंढराच्या अंगावरली सगळ्यात मऊ लोकर. आमी ती घरात कव्हाच ठिवत न्हाई, बाजारात जाती. त्या साली म्या काळ्या कोकराचं जावळ दडवून ठिवलं व्हतं. नवरा कुरकुरला. म्या ऐकलं न्हाई. चालता चालता टकळीवर सूत काढलं, सणगराच्या हातापाया पडून विणून घेतलं.

घोंगडी झाली तशी मुद्दाम खांद्यावर टाकून देशमुखाच्या घरी गेले. बाईसाबनं बोटानं चाचपली. "लय मऊ गं," म्हणली, आन् तिचं तोंड उतरलं. मला इतकं ग्वाड वाटलं, काय सांगू. सतरा चिजा भरल्या व्हत्या पेटीत, पर ही नव्हती.

निघायच्या सकाळी छकडा दारात. बाईसाबनं गादी चढवली, दुलई चढवली, तक्क्या चढवला. मास्तर म्हणला, बाईसाब, हे काय कामाचं न्हाई. रानात घोंगडीच पायजे. घोंगडीवर इचूकाटा चढत न्हाई. तिनं इकडं तिकडं बघितलं. मग तिची नजर नरसूच्या खांद्यावर गेली.

पुढचं सांगितलंच.

तेवढ्यावर थांबली न्हाई. नरसूला सांगायली, सकाळी बापूसाबचं पाणी तापवून ठिव. भांडी घास. त्याचं अंथरूण घाल, काढ. पाय दुखले तर दाब. नरसू मान हालवायला लागला. मला काय कळंना. मी मास्तरकडं वळले. इचारलं, "मास्तर, मपल्या पोराचं नाव हाय न्हवं?"

मास्तर पायाकडं बघत म्हणला, "नाव बापूसाबचं हाय. नरसू त्यांच्या सोबतीला."

सोबतीला. एवढी तयारी म्या गडी धाडायला केली व्हती.

मी छकड्याच्या चाकावर पाय देऊन वर चढले. बापूसाब आपसूक उठला. म्या घोंगडी काढून घेतली, खाली उतरले. ती परत नरसूच्या खांद्यावर टाकली, त्याच्या हातातलं पोतं घेतलं आन् बाईसाबच्या पायाशी टाकलं. जल्मात पयल्यांदा तिच्या तोंडाकडं सरळ बघितलं. ती पांढरीफटक. मग लाल. म्हणली, "तुमची मेंढरं कुणाच्या रानात बसत्यात, इसरलीस का?"

"न्हाई इसरले," म्या म्हणलं. "आज उठवते."

नरसूचा हात धरला आन् निघाले. मला वाटलं, लेकरू मला बिलगंल. तसं काय झालं न्हाई. गावाबाहेर आलो तसा त्यानं हात हिसडला. रडत, वराडत म्हणला, "मला म्हाईत व्हतं. मास्तरनं पयल्यांदाच सांगितलं व्हतं. तरीबी जायचं व्हतं मला."

बाईसाबच्या पोत्यानं झालं न्हाई ते ह्या बोलण्यानं झालं. माझं लेकरू धा वर्साचं. आन् त्याला आत्ताच ठावं झालं व्हतं की जत्रा बघायची तर दुसऱ्याची वळकटी उचलून बघायची. हे त्याला कुणी शिकवलं? म्याच. रोज त्या घरचं जातं वढून, तिथला वास पदराला आणून.

नवरा रानात व्हता. ऐकून डोक्याला हात लावला त्यानं. पेरणीपस्तोर कुठं जायचं, म्हणला. चूल कशी पेटंल. त्याचं चुकत नव्हतं. मी सरळ वाघरीकडं गेले. वाघर म्हंजी मेंढरांच्या भोवतालची जाळी. तिची एक एक मेख म्या उपटली. तिसऱ्या मेखंला तो उठला आन् दुसऱ्या बाजूनं उपटायला लागला. दिस कलायच्या आत देशमुखाचं रान रिकामं झालं. त्यांचा गडी धावत आला. म्हणला, बाईसाब दुसरी घोंगडी द्यायल्यात, मेंढरं ऱ्हाऊ द्या. म्या म्हणलं, घोंगडी आमालाच करता येती.

आमी चुडावा गावच्या अंगानं निघालो. तिकडं कुणाचं रान मिळंल, म्हाईत नव्हतं. नरसू माझ्यासंगं चालंना. मेंढरांच्या पार पल्याड, फुगून. घोंगडी त्यानं वाटंत फेकून दिली व्हती. म्या उचलली, मपल्या खांद्यावर घेतली.

जळण तव्हाबी व्हती आन् आजबी हाय. बाया म्हणत्यात, दुसऱ्याच्या लेकराचं बघून जळू नये. मी जळणार. जळले न्हाई तर मेंढरासारखी खाली मान घालून त्याच रानात बसले आसते. त्या सांजंला चालता चालता म्या मनाशी बांधलं. मपला नरसू क्यांपला जाईल तर आपल्या नावानं जाईल. न्हाईतर जाणार न्हाई. त्याला रडू द्या. रुसू द्या. जल्मभर अढी धरली तरी धरू द्या. मी जित्ती हाय तवर ह्या लेकराच्या डोक्यावर दुसऱ्याचं अंथरूण चढणार न्हाई.