चाळीस बटाटे

शेखरने अकोल्याहून आणलेलं खोकं छायाच्या ओसरीत ठेवलं, वरचा थर्माकोल काढला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. नवरीचा पदर बाजूला करून बाकीच्यांना तोंड पाहू द्यावं, तसा. आत होती काचेची पेटी. तिला पंखे सहा. शेखरने फवारणी पंपाची बॅटरी मागून घेतली, दोन तारा टेकवल्या, आणि सहाही पंखे लाल-निळे-जांभळे होऊन गरगरायला लागले.

छाया हरखून पाहत राहिली. तिचे वडील मोतीरामभाऊ भेंडीचं पोतं शिवत बसले होते, ते दाभण हातात घेऊनच जवळ आले.

"हे काय हाये बे?"

"कॅबिनेट, काका."

"याच्यात काय रायते?"

"कम्प्युटर."

"मंग तो कुठी हाये?"

शेखरने घसा साफ केला. "तो आनाचा हाये अजून."

"कितीची पेटी?"

"नऊ हजार. ऑफर होती काका, नाही तं बाराची हाये. वापस नाही होत फक्त."

मोतीरामभाऊंनी पेटीला एक प्रदक्षिणा घातली. "गोठ्याले झुंबर लावून आला हा," ते छायाला म्हणाले, "आन् बैल आनाचे हायेत म्हणते."

झालं होतं ते असं, की छायाने शेखरला चाळीस हजार दिले होते. गेम खेळता येईल असा कम्प्युटर त्यात बसवून द्यायचा. अमडापुरात असलं काम एकटा शेखरच करायचा. म्हणजे एरवी तो प्रिंटरमधला अडकलेला कागद काढायचा, पीकविम्याचे फॉर्म भरायचा आणि लोकांच्या लॅपटॉपवर फुंकर मारून शंभर रुपये घ्यायचा; पण गेमिंग कम्प्युटरचे व्हिडिओ त्याने इतके पाहिले होते की आपले चार-पाच बसवून झालेत असं त्याला आतून वाटायचं. अकोल्याच्या दुकानात शिरताना खिशात यादी होती. समोर पेटी चमकली आणि यादी खिशातच राहिली.

आता हे चाळीस हजार कुणाचे, ते सांगायला हवं. मोतीरामभाऊंच्या मळ्यात विहिरीलगतचे चार वाफे छायाचे. बारावी झाल्यावर त्यांनीच दिलेले: "याच्यात लाव काय लावाचं ते, पैसा तुहा." छायाने कोथिंबीर लावली, मेथी लावली, पालक लावला. अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांत तिने नवा मोबाइल घेतला नाही, मैत्रिणीच्या लग्नाला जुनाच ड्रेस नेला, आणि चाळीस हजार जमल्यावर सगळ्यांना वाटलं पोरगी आता स्कूटी घेईल.

ती म्हणाली, ट्रक चालवायचाय. कम्प्युटरवर.

घरात त्यावर दोन दिवस हसणं चाललं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, घेऊ दे तिचं तिले. कारण आईला दिसत होतं ते इतरांना दिसत नव्हतं. दहा वर्षं ही पोरगी चिखलीच्या मार्केटला जाताना टेम्पोत मागे पोत्यांवर बसून गेली होती. पुढच्या सीटवर कधी काका, कधी मामा, कधी नुसतंच कुणी ओळखीचं. स्टिअरिंगला तिचा हात कधी लागला नव्हता. मोबाइलवर ती तो ट्रकचा खेळ खेळायची. घाट आला की मोबाइल तापून बंद पडायचा. तिचा ट्रक कधीच खाली उतरला नव्हता.

पेटी पाहून झाल्यावर मोतीरामभाऊंनी निकाल दिला. "उद्याचा बाजार सोड. त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत मशीन चालू झाली तं ठीक. नाही तं राह्यलेल्या पैशाच्या ठिबकच्या नळ्या आनतो. तुह्याच वाफ्यात टाकू."

छायाने नळ्यांवर रागवावं तर त्या तिच्याच वाफ्यात पडणार होत्या.

दुसऱ्या दिवशी अमडापूरचा बाजार. शेखर तोंड पाडून छायाच्या दुकानाशी आला. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेला बारदाना आणि त्यावर वाटे. छाया बटाटा-कांदा चिखलीहून घ्यायची, पालेभाजी घरची.

तिचे वाटे बाजारात प्रसिद्ध होते. वाटा लावणारे पुष्कळ असतात: वर मोठा माल, खाली किडका. गिऱ्हाईकही तयार असतं, ते वाटा उलटवून पाहतं. छायाच्या वाट्याला कुणी हात लावायचं नाही. एक मोठा, तीन मधले, दोन बारीक. शेजारच्या वाट्यातही तेच. कुठला घ्यावा हा प्रश्नच पडू नये, असे. बायका उभ्या राहायच्या, वीस रुपये टाकायच्या, पिशवी पुढे करायच्या. दहा वाट्यांत भाव एकच, तर माल एकसारखा पाहिजे, हे तिचं शास्त्र.

"बस," ती शेखरला म्हणाली. "यादी काढ."

शेखरने मोबाइल काढला. छायाने टोपलीतून चाळीस बटाटे मोजून बारदान्यावर ओतले.

"एक बटाटा म्हणजे हजार रुपये." मग तिने त्यातले नऊ उचलले आणि शेखरच्या मांडीवर ठेवले. "हे धर. ही तुही पेटी."

"छाया, आता टोमणे मारशीन तं…"

"टोमणा नाही, हिशोब हाये. उरले एकतीस. लाव वाटे."

शेखरने बाह्या सारल्या. इथे मात्र त्याला उत्साह आला. एका जागी त्याने पंधरा बटाट्यांचा ढीग केला. "हे ग्राफिक कार्ड. खेळाचा जीव याच्यात." मग सात. "हा प्रोसेसर, याचा मेंदू." चार बटाटे मदरबोर्डचे, ज्यावर सगळं बसतं. दोन रॅमचे, दोन साठवायच्या डिस्कचे. हात झटकायला गेला तर एक बटाटा उरलेला. तो त्याने कडेला टेकवला. "आन् हा पावर सप्लाय. लोकल घेऊ, हजारात येते."

छाया त्या रचनेकडे पाहत होती. पंधराचा डोंगर आणि कडेला एकटा बटाटा. तिचे हात शिवशिवले. उभ्या आयुष्यात तिच्या बारदान्यावर इतके बेढब वाटे कुणी लावले नव्हते. ती काही म्हणणार, तेवढ्यात अंबूबाई आली.

अंबूबाई गिऱ्हाईक जुनं. दर बाजारी येणार, भाव करणार, आणि घेतल्यावर वरून एक उचलणार. वरून घेतल्याशिवाय तिला भाजी शिजत नाही असं छाया म्हणायची.

"हा वाटा कितीले, पोरी?"

"काकू, तो प्रोसेसर हाये," शेखर म्हणाला.

"नवीन जात हाये काय?"

"वीसले," छाया म्हणाली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"अन् तो?" अंबूबाईने पंधराच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"तो ग्राफिक कार्ड. तो नाही विकाचा!" शेखरने ढिगावर हातच आडवा धरला.

"राहू दे बाप्पा. असाही माह्या घरी एवढा कोन खाईन." अंबूबाईने प्रोसेसर पिशवीत ओतला. मग सवयीने हात फिरवला, आणि कडेचा एकटा बटाटा उचलून पिशवीत टाकला. "हा वरून."

"काकू! तो पावर सप्लाय हाये!"

"असू दे नं. वरून एक तं घेनच मी."

"पन त्याचा वाटा होता तो!"

शेंगदाणे म्हणून खडे विकणाऱ्याकडे पाहावं, तशा नजरेने अंबूबाईने शेखरकडे पाहिलं. "एका बटाट्याचा वाटा असते काय रे कुठी? एकटा पडला तो वरूनचाच. कोनीही नेईन." मग पदराची गाठ चाचपली. "छाया, सुट्टे नाहीत व. पाचशेची हाये. पुढच्या बाजारी देतो."

आणि ती गेली.

छायाने टोपलीतून सात बटाटे काढून प्रोसेसर परत जागेवर बसवला. एकट्या बटाट्याच्या जागेकडे मात्र ती बघत राहिली.

"शेखरभाऊ, त्याले एकच बटाटा काऊन ठेवला होता?"

"तो मागच्या बाजूले रायते व. दिसत नाही."

"त्याचं काम काय?"

"करंट देते. सगळ्याइले."

"सगळ्याइले?" छायाने डोंगराकडे, मेंदूकडे, बाकीच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "म्हंजे तीस हजाराचा माल एका बटाट्याच्या भरोशावर?"

मोतीरामभाऊ मागे पोत्याला टेकून पडले होते. डोळ्यांवरची टोपी त्यांनी न काढताच विचारलं, "आपली मोटर कशी जळाली होती, सांग त्याले."

"स्टार्टर स्वस्तातला घेतला होता बाबानं," छाया म्हणाली. "मोटर चांगली, विहीर चांगली, पाइप नवे. स्टार्टर पेटीत बंद, तो काय दिसते? एक दिवस होल्टेज कमी-जास्त झालं आन् मोटर गेली."

"सोळा हजार," टोपीखालून आवाज आला.

शेखरने पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये अमडापूरचं व्होल्टेज नव्हतं.

मग छायाने वरून गेलेला एक बटाटा टोपलीतून भरून काढला आणि सगळे वाटे मोडले. "आता मी लावतो, तू सांग. हा बोर्ड चारात चांगला येते का?" नाही, सहा पाहिजेत. "रॅम?" तीन. डिस्क तीन. पावर सप्लाय, गॅरंटीवाला, चार. प्रोसेसर सातच. "ग्राफिक कार्ड पंधराचंच पाह्यजे?" शेखर जरा रेंगाळला. खामगावचा एक पोरगा त्याचं वापरलेलं कार्ड तेरात देत होता, चांगलं होतं. पण वापरलेलं म्हणजे शेखरच्या मते अब्रूचा प्रश्न.

"मी मेथी इकतो, तिच्यावर पाणी मारून," छाया म्हणाली. "मले अब्रू नको सांगू. तेरा."

तिने मोजलं. छत्तीस पाहिजेत. बारदान्यावर एकतीस.

पाच बटाटे कमी. दोघांचीही नजर एकाच वेळी शेखरच्या मांडीवर गेली. ते नऊ बटाटे तो अजून तसेच धरून बसला होता.

"पेटी इकावं लागन," शेखर हळूच म्हणाला.

अमडापुरात काचेची पेटी घेणार कोण? पुढचे दोन दिवस शेखर ती मोटारसायकलवर मागे बांधून फिरला. मोबाइलवाल्याने लाइटं किती वॅटची ते विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. मंडपवाला म्हणाला, देवीच्या मंडपात बसवतो, भाड्याने दे. शेवटी बसस्टँडच्या पानठेल्यावर गजेंद्रने ती उतरवून घेतली, ठेल्याच्या बॅटरीला जोडली आणि आत मिठा पानाचे सहा विडे चांदीचा वर्ख लावून मांडले. पंख्यांच्या वाऱ्याने वर्ख थरथरला. निळ्या उजेडात विडे असे दिसत होते की दोन गिऱ्हाइकं गाडी थांबवून आली.

"तीन देतो," गजेंद्र म्हणाला.

"नऊची हाये बे!"

"कम्प्युटरले नऊची असन. पानाले तीनची."

तासभर घासाघीस होऊन पाच ठरले. नऊमधले चार बुडाले, आणि शेखर ते स्वतःच्या डोक्यावरून उतरवायला त्याच संध्याकाळी छायाकडे गेला. सोबत त्याच्या दुकानातला जुना पत्र्याचा डबा होता, पोपडे उडालेला, आणि एक मॉनिटर.

"माह्या यादीत मॉनिटरच नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "इसरलो होतो. हा ठेव. आन् बसवाचे पैसे नको."

"म्हंजे चार बटाटे फिटले," छाया म्हणाली. शेखरला हायसं वाटलं. मग ती पुढे म्हणाली, "पन झुंबर आजूक पाचेक वर्षं निघन घरात, हे ध्यानात ठेव."

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. पत्र्याचा डबा टेबलावर पिठाच्या डब्याच्या थोरल्या भावासारखा उभा होता. छायाने बटण दाबलं. डबा घुरघुरला, पडद्यावर बर्फाचे डोंगर आले, आणि एक मोठा लाल ट्रक.

मोतीरामभाऊ दारात उभे होते. "चालू झालं म्हंजे झालं असं नाही," ते म्हणाले. "तीन वाजू दे."

तीनला शेतीची लाइन यायची. गावभरच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घराघरांतले बल्ब माना टाकतात, ती वेळ. छाया घाट चढत होती. शेखर मॉनिटरकडे न पाहता बल्बकडे पाहत होता.

तीन वाजले. मळ्याकडून मोटरींचा घूं आवाज आला. बल्ब पिवळा पडला, पंखा रेंगाळला, फ्रीज खोकून थांबला. शेखरने डोळे मिटून घेतले.

"काऊन रे झोपला का?" छाया म्हणाली. "पाह्य नं, उतार लागला."

ट्रक घाट उतरत होता. मोतीरामभाऊ आत आले, खुर्ची ओढून लेकीच्या बाजूला बसले. थोडा वेळ त्यांनी बर्फ पाहिला.

"माल काय भरला हाये?"

"लाकडं."

"वळनावर हॉर्न देत जा," ते म्हणाले, आणि ठिबकच्या नळ्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात अंबूबाई आली. वाटा निवडायचा नसल्यामुळे तिने थेट पिशवी पुढे केली.

"काय व, चालली का तुही मशीन?"

"चालली काकू. मांगचे वीस रुपये बाकी हायेत."

"कायचे वीस?"

"प्रोसेसरचे," शेखर मागून म्हणाला.

"अन् मी तो एकटा बटाटा उचलला नसता तं?" अंबूबाईने कमरेवर हात ठेवला; पावर सप्लायची गोष्ट एव्हाना बाजारभर झाली होती. "जळाली नसती तुमची मशीन? त्याचं काय लावता, ते सांगा आधी."

छाया बोटांवर हिशोब जुळवायला लागली. तेवढ्या वेळात अंबूबाईने आजच्या वाट्याचे वीस मोजून बारदान्यावर ठेवले, वरून एक बटाटा उचलला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मागचे वीस अजून तसेच आहेत.