आत्याच्या कटिंगच्या फळीची गिटार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अडखळत नाही: माझ्या आत्याचे. निरवांगीच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शाळेपासून तिनं मला भवानीनगरला आपल्याजवळ ठेवून घेतलं. ती ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. तिच्या कापड कापायच्या सागवानी फळीच्या एका टोकाला माझी वह्यापुस्तकं आणि दुसऱ्या टोकाला तिची कात्री, अशी आमची वाटणी होती.

पदवी मिळाली, बारामतीत नोकरी लागली. खोलीवरच्या मित्रांनी मिळून वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांकडे साधी गिटार होती, बेस कुणाकडेच नव्हती. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बेस ऐकली होती. ऐकली म्हणण्यापेक्षा पोटात वाजली होती. आपण स्वतःच बनवायची, असं माझ्या डोक्यानं घेतलं. लाकडात मी तोवर खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता.

मी आत्याला फोन केला.

"आत्या, मी बेस गिटार बनवतोय."

"बनव की. बनवायचीच तर बेसच बनव. वाईट कशापायी बनवायची?"

"तसं न्हाय गं. बेस म्हणजे जाड आवाजाची."

"मंग जाड म्हण की! लाकूड कुठनं आणणार?"

मला तिची कटिंगची फळी आठवली. आत्याकडे नवीन सनमायकाचं टेबल आल्यापासून ती फळी भिंतीला टेकून उभी होती. दोन बोटं जाड, चांगली रुंद. मागायचं धाडस माझ्यात नव्हतं. तीच म्हणाली, "फळी घेऊन जा. पन वाजली पायजे. मी समद्यांना सांगणार हाय."

आणि तिनं खरंच सगळ्यांना सांगितलं. ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या बायकांनाही. त्यातली एक म्हणाली, "भाचं तुजं शिकलं आन् फळी जळणाला निगाली!" आत्या माप घेता घेता म्हणाली, "हात वर कर." एवढंच. पण मला कळलं की आता ही गिटार माझी एकट्याची राहिली नाही. फळी एकच होती, दुसरी मिळणार नव्हती, आणि बोलणी तिला बसणार होती.

दांडा, म्हणजे गिटारची मान, मी सुरांच्या बारीक धातूच्या पट्ट्यांसकट तयारच मागवला. अंग तेवढं मी कापायचं होतं. इंटरनेटवरचा आराखडा बारामतीत मोठ्या कागदांवर छापून, चिकटवून मी भवानीनगरला गेलो. आत्यानं तो बघितला आणि म्हणाली, "ह्यो पातळ कागद फाटंल. मी पेपर कटिंग करून देते." तिनं खाकी कागदावर आकार काढला, कात्रीनं सुरेख कापला, फळीवर ठेवला आणि मार्किंगच्या खडूनं भोवती रेघ ओढली. इतकी सफाईदार रेघ की मला वाटलं, आता गिटार झालीच.

शेजारी फर्निचरचं दुकान चालवणारे चाचा होते. त्यांनी आपलं जिगसॉ मशीन, म्हणजे वळणं कापायची विजेची करवत, दिलं आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसले. "तुजी गिटार, तूच काप." मशीन चालू केलं तसे त्याच्या हादऱ्यानं माझे दातसुद्धा वाजू लागले. वरची गोलाई निघाली. खालची निघाली. मला हसू आवरेना, माझ्या हातून लाकूड वळत होतं! आणि त्याच हसण्यात, कमरेच्या वळणावर पातं सटकलं. रेघ सोडून चांगलं अर्धा इंच आत गेलं.

मशीन बंद झालं. आत्या दारात उभी होती. तिच्या गळ्यात टेप होती.

"गेली का?" तिनं हळूच विचारलं.

किती बिघडलं ते बघावं म्हणून मी छापील आराखडा काढून लाकडावर ठेवला. बघतो तर काय, आराखडा लहान आणि लाकूड मोठं! चारी बाजूंनी अर्धा इंच मोठं. मी केलेली चूक आराखड्याच्या काठाला नुसती चाटून थांबली होती.

"आत्या, तू हे मोठं का कापलंस?"

"मोटं कुठं? मार्जिन सोडली की. शिलाईत जानार न्हाय व्हय?"

चाचा स्टुलावरून उठले, पुन्हा बसले आणि हसून हसून भुशात पाय आपटू लागले. "बाई, लाकडाला शिलाई मारायची व्हती व्हय? पिको, फॉल पन करा!"

"हसा. पोराची फळी वाचली का न्हाय?" आत्या म्हणाली. "कापड जास्त आसलं तर कापता येतं, कमी पडलं तर बापाला सांगून बी वाढत न्हाय."

मानेच्या खाचेतही तिनं मार्जिन धरली होती. खाच इतकी अरुंद झाली होती की तिच्यात मान काय, जेमतेम लाटणं बसलं असतं. आम्ही तिघं ते बघून पुन्हा हसलो. मग छापील कागद चिकटवून मी सगळं नव्यानं कापलं, खाच मोठी केली, आणि तासत, घासत सागाच्या भुशानं माझे हात पिवळे झाले. वायरी आणि तारा जोडायला मी ते अंग मांडीवर घेऊन एसटीनं बारामतीला आणलं.

फोनवर आत्या कधी धड बोलत नाही, मशीन चालू असतं. म्हणून मी हे पत्र पाठवलं:

"आत्या, पाया पडतो. पायडलवरचा पाय काढ आणि आधी हे वाच.

वाजली! पहिल्यांदा स्पीकरला जोडली तेव्हा नुसतीच घुं घुं करत होती, कारण मी एक वायर उलटी जोडली होती. हे चाचांना सांगू नकोस. वायर बदलून सगळ्यात जाड तार छेडली आणि खिडकीच्या काचा बोलल्या. घरमालकीण जिना चढून आली, 'बोअरची मोटर कुणी चालू ठेवली?' म्हणून. मी तिला गिटार दाखवली. ती म्हणाली, अजून एकदा वाजव. मग आम्ही दोघंही हसलो.

तिसरी तार जरा झणझणते, ती मी नीट करीन. पण वाजते, आत्या, खरंच वाजते. ज्यांना ज्यांना तू सांगितलंस त्यांना आता हेही सांग, आणि हळू सांगू नकोस.

पदवीचा कागद हातात आला तेव्हा तुला काय म्हणावं ते मला सुचलं नव्हतं. आजही सुचत नाही. रविवारी ये. डेपोत मी उभा असेन. मला एकच चाल येते, तीही अर्धी, पण ती मी तुला पुन्हा पुन्हा वाजवून दाखवीन. गाडीत खिडकीजवळ बस, तुला मळमळतं."