गाणं संपल्यावरची पेटी

नाताळ आठवड्यावर आला असताना मार्था वारल्याचा निरोप मेडशीहून आलेल्या जीपवाल्याने दिला. "मास्तर, बहीण गेली तुमची. मातीले चला." मी चर्चमध्ये बाजाची पेटी पुसत होतो. आधी पेटीवर कापड टाकलं, मग निघालो.

मार्था माझी धाकटी बहीण. मेडशीच्या किसनशी, बौद्ध घरात, तिने लग्न केलं आणि मी तिला माझं दार बंद केलं. आईवडील नव्हते, दुसरं कोणी बंद करणारं नव्हतं. आमच्या शेलूबाजारच्या लहानशा मंडळीची एक रीत आहे. उपासना संपली की सगळे दाराशी रांगेत उभे राहतात, प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो, मनातली अढी तिथेच सोडायची, मगच चहा. मार्था दर नाताळला एस.टी.ने येऊन रांगेत शेवटी उभी राहायची. आणि मी पेटी वाजवत राहायचो. गाणं संपलेलं असायचं, तरी पुन्हा ध्रुवपद धरायचो... हात सुरांत गुंतले की कोणाला द्यावे लागत नाहीत. लोकांना वाटे, मास्तर भक्तीत बुडाले. मी तसं वाटू दिलं. बसची वेळ झाली की ती चहा न घेता निघायची. एकदा मात्र पेटीजवळ आली. "दादा, वाजवतं त तू झकास. पन देवाचं लेकरू जन्मून मोठं झालं असंन आतालोक, थांब ना जरासा." मी मान वर केली नाही.

तिच्या शेवटच्या नाताळला बायबलमधला, देवाच्या लेकराच्या आईला बाळंतपणासाठी धर्मशाळेत जागा न मिळाल्याचा भाग मीच वाचला. दरवर्षी वाचतो. या वेळी मान वर केली तर मार्था दाराची चौकट धरून खोकत होती... पुढची ओळ मला वाचवेना. गाणं संपलं तसा मी भाता मिटला आणि जाऊन तिचा हात धरला. दुष्काळी कामावर खडी फोडून सोलवटलेला, तापाने कढत. "एवढं बस झालं मले, दादा," ती म्हणाली. माझं घर रस्त्यापलीकडे. "घरी चल" ओठांवर आलं होतं, पण मंडळी बघत होती. "पुढच्या खेपेले किसनलेही आन," एवढंच बोललो आणि हात सोडला. त्या नाताळाने मला बदललं ते इतकंच.

मेडशीला तिच्या दारावर नाताळची कागदाची चांदणी टांगलेली होती. "तिची हाय," त्यांच्या पोरीला जवळ घेऊन उभा असलेला किसन म्हणाला. "यंदा उठवत नव्हतं तिले, म्हून म्यानंच बांधली." माती झाल्यावर मी त्याला म्हटलं, "पोरीले घेऊन घरी ये." त्याने चांदणीची सुटत आलेली दोरी पुन्हा बांधली.

"हे तिले म्हनलं असतं तुमी, दादा."

आता रविवारी गाणं संपलं की मी लगेच भाता मिटतो. जुन्या पेटीची एक पट्टी अडकून राहते आणि आत उरलेली हवा थोडा वेळ सूर धरून ठेवते. तो विझेपर्यंत मी दाराकडे पाहत बसतो, मोकळ्या हातांनी.