फोनातलं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून मी त्याची वेळ सांगणारं वेबपेज बनवलं. समोरची विड्या वळणारी बाई टोपली कमरेवर घेऊन कारखान्याला निघताना अंगठ्यानं ते उघडायची. एकदा वेळ बदलली, तिच्या फोनात मात्र जुनीच राहिली. परतली तर नळ कोरडा.

"सायेब, फोनात पाणी अजून यायचंय. नळाला कोण सांगणार?"

"पेज रिफ्रेश करायचं असतं, ताई."

खरं तर फोननं दिवसभर जुनंच पेज दाखवावं, असं कोडमध्ये मीच लिहिलं होतं. ते गुपचूप काढलं. दुसऱ्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन दारात आली. "माजंच चुकलं बगा, रिफ्रेश करायचं ऱ्हायलं."

मी आमच्या पिंपातून घागर काठोकाठ भरून दिली. अजूनही पाण्याच्या दिवशी तिच्या भांड्यांचा आवाज येईपर्यंत मी घरात येरझारा घालतो.