शेऱ्याचा रकाना

एकही शिवी न देता अन्नाचा पाणउतारा कसा करावा, हे आख्ख्या नगर जिल्ह्यात एकाच माणसाला जमतं, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, हा माणूस बदलला नाही. माझ्या सुनेचा बाप. तो राहतो देवळाली प्रवऱ्याला आणि मी सोनईच्या अलीकडं, वस्तीवर. म्हणजे महिन्यातून दोनदा यावं इतकं जवळ, आणि आल्यावर दोन दिवस राहावं इतकं लांब. मी चौथी शिकलेला, मला गोडीगुलाबीनं लिहिता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: हा माणूस जेवायला बसला की माझं डोकं फिरतं. ताट समोर आलं की लोक हात जोडतात, हा खिशातून काटा काढतो. सोनाराकडं असतो तसला, तळहाताएवढा, सेलवर चालणारा. त्यावर भाकरी ठेवायची, आकडा बघायचा, मान हलवायची, भाकरीचा कोपरा मोडून परत टोपल्यात टाकायचा, पुन्हा आकडा बघायचा. आमटीला स्वतःची स्टीलची वाटी, तिच्यात खिळ्यानं ओढलेली रेघ. आमटी रेघेच्या वर गेली की चमच्यानं काढून शेजारच्याच्या ताटात. मग पिशवीतून वही. पट्टीनं आखलेले चार रकाने: पदार्थ, वजन, वेळ आणि शेवटी शेरा. हे सगळं भरून होईस्तोवर भाकरी गार. मी एकदा म्हणालो, "पाव्हणं, आमी म्हशीला पेंड घालताना इतकं मोजीत न्हाई." तर म्हणतो, "म्हनून तर तुमच्या म्हशीचं दूध रोज येगळं भरतंय."

ह्याला कारण त्याची नोकरी. उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसानं भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, लिहायची. ऊस खाली करून मोकळी गाडी आली की परत घ्यायची, परत लिहायची. रिटायर झाला आणि गाड्या संपल्या. त्याच सुमाराला पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, रक्तात साखर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवा, आणि रोज काय खाता ते लिहून ठेवा. त्या डॉक्टरला काय ठाऊक, आपण कुणाला काय सांगतोय! माशाला पोहायची परवानगी दिल्यातली गत. दीड वर्षात गड्यानं सोळा किलो उतरवले. ते मी नाकारत नाही. पूर्वी फाट्यावरून वस्तीवर यायचा तो धापा टाकीत, आता शीळ घालीत यायला लागला. पण आल्या आल्या ओट्यावर वजनाचं यंत्र मांडणार. जेवणाआधी चढणार, "मोकळी गाडी." जेवल्यावर चढणार, "भरली गाडी." रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून विचारायचे, "पाव्हणं, आज किती टन?" हा मन लावून खरा आकडा सांगायचा. लाज म्हणून नाही. माझ्या पोरानं त्याच्या मोबाईलमध्ये जेवण लिहायचं काहीतरी घालून दिलं होतं, ते त्यानं चार दिवसांत काढून टाकलं. मला दाखवून म्हणाला, "ह्याच्यात पिझ्झा हाय, नूडल हाय, पर शेंगोळं न्हाई. ह्यो कसला शिकलेला मोबाईल?"

घरातलं घरात एक वेळ चालून जाईल. पण सप्ताहाच्या पंगतीत? हजार माणूस रांगेनं बसलेलं, वाढपी आमटीची बादली घेऊन पळतायत, आणि आमच्या रांगेत एकदम गाडी अडली. का? तर ह्यानं पत्रावळीतली लापशी उचलून काट्यावर घेतली होती, आणि आकडा स्थिर होईना. मागचे वाढपी पुढच्यावर आदळले. मी माझ्याच गावात मान खाली घालून बसलो. जेवण झाल्यावर हा सरळ चुलवणाकडं गेला आणि आचाऱ्याला विचारलं, "आमटीत तेल किती टाकलं?" आचारी घामानं निथळत होता. म्हणाला, "कढई तुमच्याएवढी व्हती आन् तेल माझ्याएवढं. ल्ह्या." ह्यानं आचाऱ्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि खरंच लिहिलं.

बरं, वजन उतरलं, ठरल्या आकड्यावर आलं, वर्षभर तिथंच राहिलं. डॉक्टर स्वतः म्हणाला, आता रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा वजन बघा, वाढलं तर परत सुरू करा. माणसानं पेढे वाटले असते. पेढा नको तर काकडी वाटली असती. हा तोंड पाडून आमच्याकडं आला. मी म्हणालो, "पाव्हणं, घाट उतरला. आता ब्रेकवरचा पाय काढा की." तर म्हणतो, "उतरवनं सोपं असतंय. तिथंच ऱ्हानं अवघड. पहारा उठला की चोर येतो." मी म्हणालो, "आवो, पन तुमीच चोर आन् तुमीच पहारेकरी. असं किती दिस जागनार?" शब्दाला शब्द लागला. शेवटी पैज ठरली: आठ दिवस आमच्या घरी राहायचं, पोटाला लागेल तेवढं खायचं आणि वहीला हात लावायचा नाही. काटा आणि वही मी ज्वारीच्या कोठीत टाकली आणि कोठीवर बसून बिडी ओढली. पहिला दिवस गडी नुसता खिसे चाचपत फिरला. दुसऱ्या दिवशी सुनेला तीन वेळा विचारलं, "सकाळी मी भाकरी एक खाल्ली का दीड?" तिसऱ्या दिवशी मी धारेला गोठ्यात गेलो तर चुन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं: बाजरीची भाकरी दीड, पिठलं एक वाटी, ठेचा बोटभर. आणि शेवटी, शेरा: म्हैस बघत होती.

मी संतापलो, पण आमची मंडळी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठली, कोठीत कोपरापर्यंत हात घालून वही काढली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. मला म्हणाली, "ल्हिऊ द्या की त्यान्ला. तुमचं काय जातंय? येवढी वरसं झाली रांधतीया, भाजीत काय घातलं म्हनून ह्या घरात इचारलं कुनी? त्यांनी इचारलं." माझ्या बायकोनं माझ्यादेखत व्याह्याची बाजू घेतली. आणि हा खरंच विचारायचा. वही मांडीवर, पेन्सिल कानावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, "विहीणबाई, वांग्यात तेल किती?" ती सांगायची, "दोन चमचं, दादा." आणि घालायची चार. मी डोळ्यांनी बघितलंय. नंतर त्याची वही माझ्या हाती लागली तर त्यात होतं: "विहीणबाई म्हणतात दोन. मी चार धरतो." म्हणजे दोघंही एकमेकांना ओळखून होते, आणि मधे मी एकटा तापत होतो.

ह्या सगळ्यात माझा मोठा राग शेंगोळ्यावर. ज्याला ठाऊक नसेल त्याला सांगतो: हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी करून लसणाच्या पाण्यात शिजवायची, ते शेंगोळं. हुलगे घोड्याला घालतात. मी लग्न झाल्या झाल्या तिला बजावलं होतं, असलं घोड्याचं खाणं माझ्या ताटात दिसता कामा नये. पुढं कधी दिसलं नाही. आणि हा व्याही यायला लागल्यापासून दर खेपेला शेंगोळे! ह्याला पोट भरतं आणि वजन वाढत नाही म्हणून हवेत. मला वेगळी भाकरी-भाजी. मी आतून जळायचो, की ह्या मोजणाऱ्या माणसापायी माझ्या बायकोला म्हातारपणी दोन-दोन स्वयंपाक करावे लागतात.

मग ती गेली. सहा दिवसांचा ताप, त्यात गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तेराव्याची पंगत बसली. लोक जेवतायत, मी नुसता बघतोय, आणि समोर हा. मांडीवर वही, हातात पेन्सिल. माझी बायको जाऊन तेरा दिवस झाले आणि हा माणूस तिच्या तेराव्याचा भात लिहितोय! मी उठलो, वही हिसकली आणि अंगणाच्या कडेच्या उकिरड्यावर भिरकावली. सगळ्या भावकीपुढं ओरडलो, "माझी बायकू गेली, आन् तुमी भात मोजताय? उठा! बंद करा ते ल्हिनं, न्हाईतर दुसरं घर बघा." त्यानं हात धुतला, उकिरड्यावरून वही उचलली, उपरण्यानं पुसली, चप्पल घातली आणि फाट्याकडं चालायला लागला. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. त्यानंतर तो आला नाही, मी बोलावलं नाही. सून मला वेळेवर भाकरी वाढायची, पण माझ्याकडं बघायची नाही. तिच्या बापाला मी पंगतीतून उठवलं होतं, आणि माझ्या मते मी बरोबर होतो.

वर्षश्राद्ध आलं. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून फोटोपुढं ठेवतात. आदल्या दिवशी सुनेनं विचारलं, "तात्या, आत्यान्ला काय आवडायचं?" मी म्हणालो, "पुरनपोळी कर." ती म्हणाली, "ती तुमाला आवडती. आत्यान्ला काय?" बेचाळीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं. ती कधी जेवायची? सगळे उठल्यावर. काय जेवायची? जे उरेल ते. काय आवडायचं? मला ठाऊक नव्हतं. गोठ्यात जाऊन बसलो. भिंतीवर कोळशाची ती अक्षरं अजून होती. चुना मारायचं तीच दरवर्षी बघायची. मग सुनेला हाक मारली आणि मान वर न करता म्हणालो, "बापाला फोन लाव. म्हनावं, वह्या घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आला. मी बघत राहिलो. फाट्यावरून वस्तीवर येताना दोनदा बसला. शर्टाची बटणं ताणलेली, पट्टा शेवटच्या भोकात. मी म्हणालो, "पाव्हणं, हे काय वं?" तर म्हणाला, "तुमी म्हनला व्हता ना, बंद करा. केलं." एवढंच. मला खेटर मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं वह्या माझ्यापुढं ठेवल्या आणि एक पान काढून दिलं. माझं वाचन बोट धरून चालतं, पण ह्याचं अक्षर पावतीवर लिहिल्यासारखं सुटसुटीत. पदार्थ: शेंगोळे. वजन, वेळ. आणि शेरा: "विहीणबाई सगळे उठल्यावर चुलीपाशी बसून पातेल्यातूनच जेवल्या. दोन वाट्या. तिसरी नको म्हणाल्या, घेतली. म्हणतात, माहेरी रोज असायचे, लई आवडतात, पण ह्यांना चालत नाहीत. तुम्ही येता म्हणून करायला मिळतं. म्हणून मी पुढच्या वेळी पण शेंगोळेच मागणार."

मी पानं उलटत गेलो. नंतर शेवटचं लिहिलेलं पान आलं, त्याच्यावर शेणाचा डाग. तेराव्याचं. पदार्थाच्या रकान्यात काही नाही, वजनात काही नाही. फक्त शेरा: "आज वजन केलं नाही. तेल किती, कुणाला विचारू." त्यापुढं सगळी वही कोरी.

फोटोपुढं शेंगोळे ठेवले. सुनेनं तसेच केले, लसूण जास्त घालून. मग आम्ही दोघं पाटावर बसलो, आणि मी सुनेला म्हणालो, मलाही तेच वाढ. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. व्याह्यानं वाटी उचलली, खिळ्याच्या रेघेपर्यंत घेतली आणि थांबला. काटा काढला नाही, वहीला हात लावला नाही. मीच कोनाड्यातली पेन्सिल उठून आणली आणि त्याच्या पुढ्यात टाकली. "ल्ह्या. पट्टा संपलाय तुमचा, आता काय दोरी बांधनार? आन् माझं बी ल्ह्या. शेंगोळे, दोन वाट्या."

त्यानं लिहिलं. मग चष्म्यावरून बघून विचारलं, "शेऱ्यात काय घालू?"

मी म्हणालो, "आवडले, म्हनून घाला."

आवडले नव्हते. हुलगा घशाला अजून तसाच टोचतो. पण तीही दोन सांगून चार घालायचीच. व्याह्यानं बराच वेळ पेन्सिल ओठाला लावून ठेवली, मग खाली वाकून काहीतरी लिहिलं. त्यानं किती धरलं, मी विचारलं नाही.