वैशाखाच्या नावावर

गिरजा गेल्याचं सांगायला तिचा धाकटा दीर किसन पुसदला माझ्या खोलीवर आला, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. शाळेला सुट्या होत्या. मी दारात बसून तूरडाळ पाखडत होते. तो एसटीतून उतरून तसाच चालत आलेला, दुपट्ट्यानं तोंड पुसत उंबऱ्याशी उभा राहिला आणि वहिनी गेली असं म्हणायच्या आधी म्हणाला, "वैशाखच वो बाई. सोडलं नाई त्यानं शेवटी." कोण गेलं हे मला त्या महिन्याच्या नावावरूनच कळलं. मी सूप खाली ठेवलं. काय झालं, कसं झालं, डॉक्टरकडे नेलं का, हे सगळं मलाच एकेक करून विचारावं लागलं. त्याच्या लेखी सांगण्यासारखं जे होतं ते सांगून झालं होतं.

आता ज्येष्ठ लागला आहे आणि मी हे लिहायला बसले आहे ते त्या एका वाक्यापायी. गिरजाला वैशाख लाभला नाही, असं तिच्या सासरी म्हणतात, आमच्या माहेरी दारव्ह्याकडे म्हणतात, आणि जी माणसं तिला कधी भेटलीही नाहीत तीसुद्धा मान हलवून म्हणतात. तिचा मुलगा वैशाखात गेला. नवरा वैशाखात गेला. ती स्वतः वैशाखात गेली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण महिन्याला हात नसतात. हात माणसांना असतात, आणि त्या हातांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गिरजा माझी थोरली बहीण. आम्हा भावंडांत ती पहिली आणि मी शेवटची, त्यामुळे मला कळायला लागलं तेव्हा ती घाटंजीजवळच्या एका खेड्यात नांदत होती आणि शांताची आई झालेली होती. तिचा नवरा दौलत तिथल्या पाटलाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. गिरजा कापूस वेचायला जायची. तिच्या शेजारची ओळ मिळावी म्हणून बाया आपसात भांडायच्या, कारण तिचं तोंड हाताइतकंच चालायचं आणि ऐकता ऐकता दिवस बुडायचा. पाटलाच्या चालण्याची, मुकादमाच्या खोकल्याची ती अशी नक्कल करायची, की बायांचे ओचे भरायचे राहून जायचे. मोठ्यानं हसायची. इतकं मोठ्यानं हसू नये, असं तिची सासू सांगायची, तर त्यावर आणखी हसायची. मला म्हणायची, "चिमे, तू शीक. मायासारखं तोंड हाय तुले, त्याच्यात अक्षर पडलं तं कोनी आवरनार नाई."

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा ती घरादारासकट गेली आणि मलाही बरोबर नेलं. पांढरं लुगडं नेसायचं ठरलेलं, आणि पांढरं लुगडं तिच्याकडे नव्हतं. तिनं आपलं हिरवं लुगडं मोठ्या भगुण्यात धुण्याचा सोडा टाकून उकळलं, पुन्हा उकळलं, दगडावर आपटलं. रंग गेला, पण काठाकाठानं हिरवट झाक राहिलीच. त्या अफाट पांढऱ्या गर्दीत ती मला लांबूनही ओळखू यायची ती त्यामुळे. परत आल्यावर तिनं घरातले देव टोपलीत भरले आणि नदीच्या डोहात सोडून आली. सासू दोन दिवस जेवली नाही. गिरजा तिच्यापुढे ताट ठेवून बसून राहिली... शेवटी म्हातारीच दमली.

वस्तीनं तेव्हाच दुसरंही एक ठरवलं. गावात मेलेली ढोरं यापुढे ओढायची नाहीत. पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसांच्या गळ्यात पडलेलं ते काम बंद झालं आणि गावानं बाकी सगळं बंद केलं. दौलतचं साल सुटलं. कापसाच्या ओळीतून आमच्या बाया उठवल्या गेल्या. किराणा दुकानदार तोंड फिरवायला लागला. विहिरीवर तर आधीही चढू देत नव्हते. वरून कोणी ओतलं तर घागर भरायची. तेही थांबलं. राहिला नदीतला झिरा, म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाझरून येणारं पाणी वाटीवाटीनं भरायचं.

पुढचा वैशाख आला, तेव्हा मी सुट्टीत गिरजाकडेच होते. नदी आटून वाळूचा पट्टा झालेली. पाटलाचा एक बैल मेला. आमच्यातलं कोणी गेलं नाही. मग गावातल्याच कोणी दोर बांधून, दुसरी जोडी जुंपून तो ओढत नेला आणि नदीत टाकला, नेमका आमच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला. मुद्दाम टाकला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नदी मात्र लांबच लांब कोरडी पडलेली होती, आणि जागा त्यांना तेवढीच सापडली.

गिरजानं दुसरा झिरा खणला, तिसरा खणला. खाली ओल नव्हती. वास येणारं पाणी फडक्यातून गाळून आम्ही पीत राहिलो. आणि एका सकाळी तिच्या मुलाला, गुण्याला, ढाळ-ओकाऱ्या सुरू झाल्या. चार वर्षांचं लेकरू, कालपर्यंत माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा करणारं. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले आणि आवाज बारीक झाला. घाटंजीच्या दवाखान्यात न्यायला बैलबंडी हवी होती. बंडी आणि बैल होते गावातल्या माणसांकडे. दौलत दोन दारांवरून परत आला. तेव्हा गिरजा उठली, मला म्हणाली, "चाल," आणि सरळ पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

पाटील ओसरीवर बसला होता. रागावला नाही, ओरडलाही नाही. शांतपणे म्हणाला, "बंडी देतो ना. कायले नाई देईन? पन मरीमायचा कोप हाय हा. देव बुडवले तुमी. आधी तिच्यापुढं नारळ फोड, मंग बंडी ने. लेकरू वाचन तुयं."

मी गिरजाच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी जळजळीत बोलणार. ती म्हणाली, "नारळ द्या."

पाटलीणबाईनं नारळ आणून लांबून खाली ठेवला. मरीमायचं ठाणं गावाच्या शिवेवर, कडुलिंबाखाली. गिरजा अनवाणी तिथवर गेली. मागून बरीच माणसं आली, बघायला. तिनं हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. दगडावर नारळ आपटला, तो एका घावात फुटला, आणि ती तशीच वळून म्हणाली, "आता बंडी."

तेव्हा पाटील म्हणाला, बैल सोयऱ्याच्या वऱ्हाडात गेले आहेत, दिवस कलता येतील.

वैशाख हा लग्नाचा महिना. बैल वऱ्हाडात जाणारच. पण आपल्या गोठ्यात बैल आहेत की नाहीत, हे नारळ फोडायला सांगताना माणसाला ठाऊक नसतं का? हा प्रश्न मी आजवर पुष्कळ जणांना विचारला. कोणी म्हणतं, त्याच्या ध्यानात नसेल. कोणी म्हणतं, झालं गेलं, सोड.

दौलतनं गुण्याला खांद्यावर घेतलं आणि आम्ही त्या उन्हात पायीच निघालो. गिरजा पदर ओला करून त्याच्या डोक्यावर धरायची, तो चालता चालता वाळून जायचा. घाटंजीच्या अलीकडे एक टेकाड लागतं. तिथं दौलत एकाएकी थांबला. गिरजानं पोराचा हात उचलून पाहिला, आणि खाली सोडला...

बंडी आम्हाला परतीच्या वाटेवर भेटली.

त्याच वैशाखाची पौर्णिमा जवळ होती. दीक्षेनंतरची आमची पहिली बुद्धपौर्णिमा. वस्तीनं पताका लावल्या होत्या, तालुक्याहून दोन-तीन कार्यकर्ते आले होते. नारळाची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली. त्यातला एक जण, चांगला शिकलेला, भाषण करता करता म्हणाला की प्रतिज्ञा घेऊन जो पुन्हा दगडापुढे वाकतो तो सगळ्या समाजाला खाली पाहायला लावतो, आणि अशा व्यक्तीनं आज सर्वांसमक्ष माफी मागितली पाहिजे. सगळ्यांच्या माना गिरजाकडे वळल्या. ज्यांनी तिच्याबरोबर तोच झिरा उपसला होता, त्यांच्याही.

ती उठली. त्या हिरवट काठाच्या लुगड्यातच होती. म्हणाली, "फोडला मी नारळ. लेकरासाठी शंभर फोडले असते. देव असता तं एकानंच भागलं असतं. नाई भागलं. आता तुमाले जे मोठमोठ्या पुस्तकातून समजलं, ते मले माया पोराकडून समजलं. माफी कोनाची मांगू? सांगा."

कार्यकर्त्यानं पुढचा विषय घेतला. गावासाठी ती देव बुडवणारी राहिली आणि वस्तीसाठी नारळ फोडणारी. दोन्हीकडून तिला एकटं पाडायला तो एक नारळ पुरला. आणि गंमत अशी, की हळूहळू दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीवर येऊन थांबली, की जाऊ द्या, वैशाख तिला वाईट. पाटलालाही ते सोयीचं होतं आणि आमच्यांनाही.

दौलत त्यानंतर तीनेक वर्षं घरात होता, पण नुसता होता. रोजगार मिळत नव्हता हे खरं. घरात बसवत नव्हतं हेही खरं. एका वैशाखात तो कोळशाच्या खाणीत काम बघायला वणीला गेला. काम लागलं. पहिल्या वर्षी दोनदा आला, मग एकदा, मग नाही. तिकडे त्यानं दुसरं घर मांडल्याचं कळलं, तेव्हा मी यवतमाळला शिकत होते. धावत गेले. गिरजा शेणानं अंगण सारवत होती. मी रडायला लागले, तर म्हणाली, "कायले रडून राह्यली? तोही गेला म्हनते वैशाखातच. वैशाखानं नाई नेला त्याले, चिमे. सोताच्या पायानं गेला. जाऊ दे. त्याले मायं तोंड पाह्यलं का पोरगं दिसे."

पुढे ग्रामपंचायतीतून वस्तीसाठी विहीर मंजूर झाली. सरपंच पाटलाचाच भाऊ. जागा त्यानं दाखवली ती स्वतःच्या वावराला लागून. गिरजानं ते मोडून काढलं. वस्तीच्या मधोमध तिनं स्वतः कुदळीनं खड्डा घेतला आणि त्यात जाऊन बसली. "अठीच खंदा. नाईतं मायावर माती लोटा आन् जा." पुरुष माणसं आधी हसली, मग एकेक जण तिच्याजवळ येऊन उभा राहिला. विहीर तिथंच झाली, आणि खणायला तीही रोज उतरली. पाणी लागलं तो महिना वैशाखच होता. ते मात्र कोणाच्या हिशेबात नाही.

एका वर्षी गावची विहीर तळाला गेली, आमची भरलेली. पाटलाकडची नवी सून चुंबळ-घागर घेऊन बायांबरोबर वस्तीत आली आणि बिचकत उभी राहिली. गिरजा रहाटाशी होती. तिनं विचारलं, "नारळ आनला का?" ती पोर गोंधळली. "कोनता नारळ, बाई?" गिरजा तिच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली. "भर माय, भर." त्या दिवशी ती जेवली नाही, असं शांतानं मला सांगितलं. मी पुढे विचारलं तेव्हा गिरजा एवढंच म्हणाली, "मी नाई देल्लं पानी. विहिरीनं देल्लं." तिनं माफ केलं, असं कोणी म्हणू नये. मी तरी म्हणत नाही.

यंदा तिला तेंदूपत्ता तोडायला जायची गरज नव्हती. मी शिक्षिका झाले होते, तिला पुसदला बोलावत होते. ती येत नव्हती. शांताचं लग्न ठरलं होतं आणि बहिणीच्या कमाईवर मुलगी उजवायची नाही, असा तिचा हट्ट. जंगलात ऊन लागलं. घरी आली, डोकं दुखते म्हणाली, भिंतीला टेकून बसली. कांदा लावला, कैरीचं पन्हं पाजलं. उठली नाही.

मी पोहोचले तेव्हा माती झालेली होती. दौलतही आला होता, वणीहून. केस पिकलेले. माझ्यासमोर बसून डोळे पुसत म्हणाला, "तिले वैशाख लाभलाच नाई वो."

मी त्याला म्हटलं, "भाऊजी, तुम्ही लाभला असता तर चाललं असतं." बायांनी मला गप्प केलं. माणूस गेलेल्या घरी असं बोलू नये म्हणे. वैशाखावर टाकलं की पाटलाला उत्तर द्यावं लागत नाही, दौलतला द्यावं लागत नाही, त्या भाषणवाल्यालाही नाही. महिना येतो, जातो, पुढल्या साली पुन्हा येतो. कोणी त्याला अंगणात उभा करून विचारत नाही. लग्न पुढं ढकला, यापुढे या घरात वैशाखात काही करू नका, असंही जाणत्यांनी ठरवून टाकलं. शांता ऐकून घेत होती. मग आत जाऊन तिनं चुलीवर चहा ठेवला. तेवढ्यात तिच्या तोंडून निघालेलं एकच वाक्य मी ऐकलं, "हे सारे गेले का मंग मले सांगजो, मावशी."

ज्येष्ठ लागल्यावर मी पुन्हा गेले होते. कोणीतरी सांगितलं म्हणून शांतानं घराला चुना दिला होता. दाराजवळच्या भिंतीवर एक जागा आहे. कामावरून आली की गिरजा तिथं पाय पसरून, डोकं मागं टेकवून बसायची. वर्षानुवर्षांच्या तेलानं तिथं काळपट डाग पडलेला. चुना वाळला आणि डाग पुन्हा वर आला. शांता म्हणाली, "दोनदा देल्ला, मावशी. धरतच नाई." ती पाणी आणायला बाहेर गेली. मी त्या जागी जाऊन बसले, पाय पसरले, डोकं मागं टेकवलं. डाग माझ्या डोक्याच्या वर राहिला, चांगला वीतभर. बसल्या बसल्याही ती माझ्याहून किती उंच होती, हे मला तोवर कळलं नव्हतं.