धीर धरजो

पहिल्या दिवशी तिनं चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळला, बाजारातून टरबूज आणावं तसा, आणि सरळ रिंगकडे धावत सुटली. मी शिट्टी वाजवली. ती थांबली नाही. बोर्डाखाली जाऊन तिनं चेंडू जोरात वर भिरकावला, तो बोर्डावरून थेट कुंपणापलीकडे गेला, आणि ही माझ्याकडे वळून हसली. बाकीच्या पोरी तर हसून हसून कोर्टवरच बसल्या. मी हसले नाही. मी तिची उंची पाहत होते.

अमरावतीच्या एका महिला महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवते. आजवर ज्यांना बास्केटबॉल शिकवला त्या पोरी काटक, चपळ, जीव तोडून खेळणाऱ्या, पण बहुतेक माझ्या खांद्यालाच लागायच्या. ही भातकुलीकडच्या खेड्यातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, जिमखान्याच्या दारातून वाकून आत येणारी. गावात सगळे चिडवायचे म्हणून पोक काढून चालायची. तिला चेंडू शिकवण्याआधी मला तिला सरळ उभं राहायला शिकवावं लागलं.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. माझ्या हाताखालची एक तरी मुलगी विद्यापीठाच्या संघातून खेळताना मला पाहायची होती. इतक्या वर्षांत एकही गेली नव्हती. दर वर्षी निवड व्हायची, दुसऱ्या कॉलेजांच्या पोरी जायच्या, आणि आमच्या पोरी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. माझी निवृत्ती आता दिसायला लागली होती. या पोरीत ते होतं, फक्त बाहेर यायला वेळ लागणार होता. आणि धीर या गोष्टीशी माझं कधी जमलंच नाही. पोरी मला पाठीमागे ‘ठेचा’ म्हणतात, हे मला माहीत आहे.

म्हणून मी अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी कॉलेजात एकाच संघात खेळलो. तिचं डोकं चालायचं, माझी कोपरं. पुढे तिला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली, मला इथं. तिच्या मुली दर दोन-तीन वर्षांनी आमच्याच विद्यापीठाच्या संघात जायच्या आणि मला त्याचा हेवा वाटायचा नाही. म्हणजे वाटायचा, पण तो मी तिच्याजवळच बोलून दाखवायचे, आणि ती हसायची.

‘‘घाई करू नोको वं,’’ ती म्हणाली. ‘‘असल्या पोट्टीले लवकर उतरवलं अन् लोकायसमोर तिचं हसं झालं, तं पुन्हा बॉलले हात नाही लावनार थे. बसव तिले. पक्की होऊ दे. धीर धरजो.’’

मी कुणाचं ऐकत नाही. नवऱ्याचं नाही, प्राचार्यांचं तर मुळीच नाही. पण तिचं ऐकायचे. दर रविवारी मी पोरीच्या सरावाचे व्हिडिओ मोबाइलवर तिला पाठवायचे आणि संध्याकाळी तिचा फोन यायचा.

पोरीचा सगळ्यात मोठा घोळ पायांचा. चेंडू हातात आला की एक पाय जमिनीला खिळलेला ठेवायचा आणि दुसऱ्यानं वळायचं, ही या खेळातली बाराखडी. हिचे दोन्ही पाय एकदम उचलले जायचे. पंचाची शिट्टी, चेंडू समोरच्यांना. सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, खडूनं गोल काढून पाहिला. शेवटी मी माझा बूट तिच्या बुटावर ठेवून उभी राहायला लागले. ती वळायची, मी दाबून धरायचे. कधी कधी आम्ही दोघीही पडायचो. सकाळी चालायला येणारे काका लोक थांबून बघायचे, त्यांना वाटायचं बाई पोरीला शिक्षाच देतेय. असं पावसाळाभर चाललं, मग थंडीतही. एक दिवस मी बूट उचलला आणि तिचा पाय जागचा हलला नाही. मी तिला गिलावडा खाऊ घातला. एवढी चैन मी स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही केली नव्हती.

मधेच एकदा ती यायची बंद झाली. उद्या सराव नाही अशी थाप एका पोरीनं तिला मारली होती, गंमत म्हणून. ही आली नाही, बाकीच्यांचा सराव झाला, आणि कळल्यावर हिनं कॉलेजला येणंच सोडलं. आठवडा झाला तेव्हा मी स्कूटर काढून तिच्या गावाला गेले. आई तुरीच्या शेतात होती. बांधावर बसून तिनं मला डब्याच्या झाकणात चहा दिला.

‘‘मॅडम, तिले काही बोला, मारा, तिचं काही नाही,’’ आई म्हणाली. ‘‘पन खोटं बोललेलं तिले चालत नाही. बापासंग एकडाव महिनाभर अबोला धरला होता तिनं.’’

पोरगी तुरीतून बाहेर आली. नमस्कार नाही, काही नाही. ‘‘मले खरंच खेळवसान ना?’’ एवढंच विचारलं तिनं.

‘‘खेळवीन,’’ मी म्हणाले. ‘‘पन मी सांगीन तवा.’’

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं हजर होती.

पहिलं वर्ष बाकावर गेलं. दुसऱ्या वर्षी धामणगावला आंतरमहाविद्यालयीन सामने होते. आम्ही थोड्याच गुणांनी मागे होतो, आमची उंच मुलगी फाउल होऊन बाहेर गेली होती, आणि सगळा बाक माझ्याकडे बघत होता. पोरगी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. माझा हात तिच्या पाठीपर्यंत गेला. समोर मैत्रीण बसली होती, तिच्या संघाचा सामना आमच्यानंतर होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी दुसरीला उतरवलं आणि आम्ही हरलो. पुढे मैत्रिणीचा संघ जिंकत गेला. तेव्हा मला त्यात काही खुपलं नाही, उलट मी तिच्या मुलींसाठी घसा बसेपर्यंत ओरडले.

परतताना एसटीत पोरगी शेवटच्या सीटवर बसली आणि कुणी दिलेलं काही खाल्लं नाही. मी जवळ जाऊन म्हणाले, पुढचं वर्ष तुझं. ती खिडकीबाहेर बघत होती.

त्या उन्हाळ्यात मीच तिला अकोल्याला नेलं. मैत्रीण म्हणाली होती, पंधरा दिवस पाठव, बास्केटचा नेम मी घोटून घेते. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, तिचं घर. गल्ली इतकी चिंचोळी की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागते. जाताना मी पोरीला सांगितलं, ही मावशीच समज. मैत्रिणीनं कैरीचं पन्हं दिलं, पोरीसाठी कूलरसमोर गादी टाकली. मी संध्याकाळच्या गाडीनं निर्धास्त परत आले. आणायला गेले तेव्हा पोरगी गप्प होती. उन्हानं थकली असेल असं मला वाटलं. अकोल्याचं ऊन माणसाला गप्प करतंच.

जुलैत आमच्या ऑफिसातला बाबू पान चघळत म्हणाला, ‘‘मॅडम, तुमची उंच पोट्टी टी.सी. घेऊन गेली नं. अकोल्याले.’’

मी त्याला दोनदा बोलायला लावलं. मग जिमखान्यात जाऊन दार लावलं आणि मैत्रिणीला फोन केला.

‘‘पोट्टी सोताहून आली वं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हने मॅडम नुसत्या बसवून ठेवते. आता मी काय तिच्या तोंडावर दार लावू? अन् माह्याकडं आली तं काय बिघडलं? तुह्याच हातची हाय थे.’’

मी तिच्यावर विश्वास ठेवला. पस्तीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि एकोणीस वर्षांची पोरगी, यांत खोटं कोण बोलेल याचा मी विचारसुद्धा केला नाही. पोरगी माझ्या हातावर तुरी देऊन गेली, बस. फोन तिनं करायला हवा होता, मी कशाला करू? ते वर्ष मी पोरींवर उगाचच खेकसत काढलं. कुणी पाय चुकवला की माझ्या तोंडात तिचं नाव यायचं आणि मी ते गिळायचे. घरी नवरा म्हणाला, एवढं तर तू मुलगा पुण्याला गेला तेव्हाही रडली नव्हतीस. खरं होतं ते.

यंदा अंतिम सामना अमरावतीतच झाला, आम्ही विरुद्ध मैत्रिणीचं कॉलेज. पोरगी पहिल्यापासून मैदानात होती. चेंडू वर धरून, एक पाय रोवून ती वळायची आणि आमच्या दोघी-तिघी तिच्या खांद्याखाली लोंबकळत राहायच्या. मी माझ्या मुलींना ओरडून सांगत होते, अडवा तिला, आणि तिचा चेंडू रिंगमध्ये पडला की दर वेळी मला आनंदच होत होता, आणि त्याचा मला आणखी राग येत होता. अकोला जिंकलं. लगेच विद्यापीठाचा संघ जाहीर झाला. तिसरं नाव तिचं होतं. प्रशिक्षक म्हणून मैत्रिणीचं. सोमवारपासून पंधरा दिवसांचं शिबिर, मग पश्चिम विभागाच्या स्पर्धा.

कोर्टमागच्या नळावर मी तोंड धूत होते. पोरगी आली आणि पाया पडली.

‘‘मॅडम, राग नाही ना आला? आमी जिंकलो म्हून?’’

‘‘जिंकली त्याचा कायले राग येईन?’’ मी म्हणाले. ‘‘न सांगता गेली त्याचा राग हाय.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘न सांगता? तुमीच तं पाठवलं मले.’’

नळ चालूच होता.

‘‘उन्हाळ्यात त्या मॅडमनं सांगतलं,’’ ती म्हणाली. ‘‘तुह्या मॅडमले आता तुह्यावर मेहनत घेनं नाही होत, म्हने. तिनंच मले म्हटलं, घेऊन जाय हिले. पन तू तिले इचारू नोको, म्हने, तिले वाईट वाटंल. मी नाही इचारलं. दोन वर्ष तुमी मले बसवलंच होतं, मंग मले पटलं. तरी मी वाट पाहिली तुमच्या फोनची. लय दिवस पाहिली.’’

तेव्हा मला सगळं दिसलं. बसव म्हणणारीही तीच होती, आणि त्याच बसवण्याच्या आधारानं पोरीचे कान भरणारीही तीच. धामणगावला मान हलवणारी तीच. मी दर रविवारी स्वतःच्या हातानं तिला दाखवत होते, माल कितपत तयार झालाय ते. केसानं गळा कापणं हे मी वाचलं होतं, मुलगा शाळेत असताना त्याच्या वहीत वाक्यात उपयोग करायला सांगितलं होतं. गळा माझाच होता आणि वर्षभर मला ठाऊक नव्हतं.

‘‘मंग, तुमी नव्हतं पाठवलं?’’ पोरीनं विचारलं.

तिचा चेहरा बदलत चालला होता. हा चेहरा मी तुरीच्या शेतात पाहिला होता. एक शब्द, नाही एवढाच, मी बोलले असते तर ती आत्ताच, भरल्या कोर्टवर, त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली असती, आणि सोमवारी शिबिराला गेली नसती. कुणाच्या बापाला ऐकली नसती. आणि मला तो शब्द बोलायचा होता. इतका हवा होता की दातांखाली आला होता. मैत्रिणीला ते पक्कं ठाऊक असणार, की पोरीची संधी जाईल म्हणून ही ठेचा बोलणार नाही. म्हणून तर ती इतकी बिनघोर पोरींबरोबर फोटो काढत होती.

‘‘पाठवलं मीच,’’ मी म्हणाले. ‘‘पन जाताना पाया तं पडून जाचं ना. त्याचा राग.’’

तिनं वाकून नळ बंद केला.

‘‘मंग खरंच होतं थे,’’ ती म्हणाली. ‘‘मनात कुठंतरी वाटे, त्या मॅडम खोटं बोलल्या असतीन. वर्षभर मले थेच आस होती.’’

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या अकोल्याच्या गाडीकडे गेली. मैत्रीण गाडीच्या दारात उभी राहून पोरी मोजत होती. मला पाहून तिनं हात उंच करून हलवला. पोरगी पायरीवर थांबून माझ्याकडे बघत होती, म्हणून मीही हलवला.